घरी बनवा, पण आधी वजन करा

सायकली नेण्याचा कॅरिअर घरी बनवावा की दुकानातून आणावा, यावर इंग्लंडमधल्या कॅराव्हॅनवाल्यांत सरळ दोन तट आहेत. हमरस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला घरगुती लोखंडकाम जोडणं हा एका तटाच्या मते निव्वळ बेजबाबदारपणा. दुसरा तट म्हणतो, चार अँगल आणि दोन यू-क्लॅम्प यांच्यासाठी एवढे पौंड कशाला मोजायचे? मी घरी बनवणाऱ्यांच्या बाजूची आहे. मात्र हा वाद ज्या मुद्द्यावर घातला जातो, तो मुद्दाच मला दुय्यम वाटतो. कॅरिअर कुणी बनवला आणि तो किती मजबूत आहे, हे नंतर बघू. तो कुठे बसवला आहे आणि त्यामुळे गाडीचा तोल किती बदलतो, हे आधी बघायला हवं. दुकानातला महागडा कॅरिअरही चुकीच्या जागी बसवला तर तितकाच घातक ठरतो.

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करायचे. शाळा सुटली की मी वर्कशॉपमध्ये बसून नट-बोल्ट निवडत असे. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि नोकरीसाठी डर्बीला आले. आज आमच्याकडे सेकंडहँड घेतलेली एक कॅराव्हॅन आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एकाच आसावरची, दोन चाकांची खोली असते. आत पलंग होणारी बाकं, छोटा ओटा, संडास असं सगळं असतं. इंजिन मात्र नसतं. आपल्या मोटारीच्या मागे एक गोळा असतो, त्याला ती अडकवायची आणि ओढून न्यायची.

तिच्याबरोबर सायकली का न्यायच्या, हे डर्बीशायरमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधले हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद झाले. त्यातल्या अनेकांचे रूळ काढून पुढे सायकलवाटा झाल्या. आमच्या जवळची टिसिंग्टन ट्रेल अ‍ॅशबोर्नपासून पार्सली हेपर्यंत १३ मैल जाते. मॉन्सल ट्रेलवरचे जुने रेल्वे बोगदे २०११ मध्ये सायकलींसाठी खुले झाले. खाली कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टो आणि वेडब्रिजकडून बॉडमिनकडे जाणारी कॅमल ट्रेल आहे. मुळात आगगाडीसाठी आखलेल्या वाटा असल्यामुळे चढ अगदी सौम्य. लहान मुलांनाही झेपतात. मोटार वाहनांची भीती नाही. दिवसभर मुलांबरोबर सायकल चालवावी आणि संध्याकाळी आपल्याच ओट्यावर पिठलं-भात करावा, यासारखी सुट्टी मला माहीत नाही.

सायकल आणि कॅराव्हॅन यांचं नातं जुनं आहे. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅराव्हॅन बांधून घेतली आणि तिच्यातून थेट स्कॉटलंड गाठलं. हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या कॅराव्हॅनमध्ये ती पहिल्यांपैकी मानली जाते. अरुंद रस्त्यांवर वाट मोकळी करायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. आज ब्रिटनभर ज्याची मुक्कामाची मैदानं आहेत तो कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब १९०१ मध्ये सुरू झाला तो सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना म्हणूनच. त्याचे संस्थापक थॉमस हायरम होल्डिंग व्यवसायाने शिंपी. सायकलवर नेता येतील असे हलके तंबू आणि सामान ते स्वतः आखत, बनवत. घरी बनवण्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की या छंदाचा पायाच घरी बनवणाऱ्यांनी घातला आहे.

आता तोलाकडे येते. ओढायच्या वाहनाचं सगळं गणित त्या गोळ्यावर येणाऱ्या भारात आहे. कॅराव्हॅनचं भरलेलं वजन समजा १,३०० किलो. त्याच्या साधारण ५ ते ७ टक्के, म्हणजे ६५ ते ९१ किलो भार गोळ्यावर असावा, असा इथला रूढ नियम आहे. भार फार कमी झाला तर कॅराव्हॅन मागे डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागते आणि वेग जास्त असेल तर मोटारीलाही फरफटत नेते. भार फार वाढला तर मोटारीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची आणि ब्रेकची पकड कमी होते. शिवाय प्रत्येक मोटारीचा गोळ्यावरच्या भाराचा कमाल आकडा ठरलेला असतो. कुणाचा ७५, कुणाचा १०० किलो. तो ओलांडायचा नाही.

या हिशेबात दोन सायकली आणून ठेवा. साध्या सायकली, प्रत्येकी १२ किलोच्या. कॅरिअर ८ किलोचा. एकूण ३२ किलो. सर्वांत प्रचलित घरगुती पद्धत म्हणजे कॅराव्हॅनच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, गॅसच्या पेटीच्या वर, चौकोनी नळीचे दोन खांब उभे करायचे आणि त्यांना सायकली आडव्या टांगायच्या. दिसायला फार सुटसुटीत. पण गोळ्यापासून आस ४ मीटरवर आणि सायकली पाऊण मीटरच्या आत, ७० सेंटिमीटरवर असतील, तर त्या ३२ पैकी २६ किलो थेट गोळ्यावर येतात. आधीच ७० किलो भार असलेली कॅराव्हॅन ९६ वर जाते. ज्याच्या मोटारीची मर्यादा ७५ आहे, त्याने कितीही सुंदर वेल्डिंग केलं तरी तो कॅरिअर रस्त्यावर आणू नये.

दुसरी पद्धत कॅराव्हॅनच्या मागच्या भिंतीवर कॅरिअर लावायची. दुकानी कॅरिअरही तिथे लावतात, म्हणून लोकांना ती निर्धोक वाटते. आसापासून २.८ मीटर मागे तेच ३२ किलो टांगले की गोळ्यावरचा भार २२ किलोंनी कमी होतो. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पाण्याची घागर कडेवर घेऊन वळणं आणि तीच घागर हात लांब करून धरून वळणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. वाहन वळण्याला किंवा झोका थांबवण्याला जो विरोध होतो, तो वजन आसापासून किती लांब आहे त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या सायकलींपेक्षा मागच्या भिंतीवरच्या त्याच सायकलींचा या विरोधातला वाटा ३१ पट असतो, आणि एकदा सुरू झालेला झोका त्याने आणखी चिवट होतो. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ओढायची एक गाडी वजनाची मांडणी बदलून प्रत्यक्ष पळवून पाहिली होती. वेगात ती स्थिर राहते की नाही, यात वजनाच्या मांडणीचा मोठा वाटा आहे, असंच त्या चाचण्यांत दिसलं.

मागच्या भिंतीबद्दल आणखी एक. अनेक जुन्या कॅराव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा फेस, आत पातळ प्लायवूड आणि अधूनमधून लाकडी पट्ट्या. तिला छिद्र पाडून बोल्ट मारला आणि तो आतल्या पट्टीत नेमका बसला नाही, तर प्रत्येक धक्क्याला छिद्र मोठं होत जातं. मग पावसाचं पाणी आत जातं आणि लाकूड कुजतं. मुक्कामाच्या मैदानावर एका शेजाऱ्यांच्या कॅराव्हॅनची मागची भिंत मी अशी बोटाने दाबून आत जाताना पाहिली आहे. बाहेरून कॅरिअर अगदी खणखणीत होता.

सांगाड्याबाबत तर नियम ठाम आहे. इथल्या बहुतेक कॅराव्हॅन ज्या अल-को कंपनीच्या गॅल्व्हनाइज केलेल्या हलक्या पोलादी चासीवर बांधलेल्या असतात, तिला छिद्र पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही, असं कंपनीच बजावते. कारण तो पत्रा पातळ आहे आणि त्याची ताकद त्याच्या घड्यांच्या आकारात आहे. छिद्राच्या कडेपासून तडा सुरू होतो, वेल्डिंगने जस्ताचा थर जळून गंज लागतो. म्हणून जे जोडायचं ते बाहेरून आवळून जोडायचं. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, मध्ये चासी, आणि चारी बोल्टना नायलॉनची कडी असलेले नट, म्हणजे हादऱ्यांनी ते सुटत नाहीत.

मग सायकली ठेवायच्या कुठे? माझं उत्तर आहे, कॅराव्हॅनच्या आत, आसाच्या अगदी जवळ. आमच्याकडे १२ मिलिमीटर प्लायवूडची एक फळी आहे. ती पुढच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत, आसाकडच्या टोकाला, घट्ट बसेल अशा मापाने कापली आहे. त्यामुळे ती पुढेमागे किंवा बाजूला सरकायला जागाच नाही. फळीवर लाकडाचे ठोकळे आहेत आणि त्यांवर भंगारातल्या पुढच्या चाकांचे हब बसवले आहेत. सायकलीचं पुढचं चाक काढायचं, चिमटा त्या हबवर बसवून आवळायचा, हँडल फिरवून फ्रेमला समांतर करायचं. चाक काढल्यामुळे आणि हँडल वळवल्यामुळे सायकल अरुंद दारातून आत जाते. पहिल्या सायकलीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. चेनवर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळायची. काढलेली चाकं आईने शिवून दिलेल्या गोधडीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी. वरून दोन रॅचेटचे पट्टे. बांधायला मी लवचिक दोऱ्या वापरत नाही. जी दोरी ताण मिळाला की लांबते, ती सामान धरून ठेवत नाही.

या पद्धतीचे तोटेही आहेत. चिखल आत येतो, म्हणून चाकं आधी पुसावी लागतात. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिल्यांदा सायकली बाहेर काढाव्या लागतात, तोवर चहा होत नाही. वाटेत संडास वापरता येत नाही. पण गोळ्यावरचा भार जवळजवळ जागचा हलत नाही, मागून नंबर दिसतो, पावसात सायकली भिजत नाहीत आणि सर्व्हिस स्टेशनवर कुणी चोरत नाही. तोटे गैरसोयीचे आहेत, फायदे सुरक्षिततेचे. या दोहोंत मी कधी घासाघीस करणार नाही.

आत जागा नसेल तर दुसरी चांगली जागा मोटारीचं छप्पर. तिथे सायकलीचं वजन मोटारीवर येतं, कॅराव्हॅनच्या तोलाला धक्का लागत नाही. छपराच्या आडव्या दांड्यांवर तेच ठोकळे आणि तेच हब चालतात. फक्त छपराची वजनमर्यादा मोटारीच्या पुस्तिकेत वाचून घ्यावी आणि त्यात दांड्यांचं वजनही धरावं.

विजेच्या सायकलींनी हे सगळं जास्त निकडीचं केलं आहे. एक सायकल २० ते २५ किलोची. दोन घेतल्या की ४५ किलो सहज. कॅराव्हॅनमध्ये सामानासाठी मिळणारी एकूण मुभा अनेकदा दीडशे किलोंच्या आसपास असते आणि त्यात तंबूचा दर्शनी मांडव, बॅटरी, कपडे, शिधा, मुलांची पुस्तकं सगळं यायचं असतं. साध्या सायकलींसाठी वर्षानुवर्षं टिकलेला घरचा कॅरिअर विजेच्या सायकलींना तसाच वापरणाऱ्यांना मी हात जोडून सांगते: तो हिशेब पुन्हा मांडा. बॅटऱ्या काढून मोटारीत ठेवल्या तरी प्रत्येकी तीनेक किलो कमी होतात.

कायदा काय म्हणतो? ब्रिटनचा कायदा कॅरिअर घरचा की दुकानचा असं विचारत नाही, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. तो विचारतो की मागची नंबरप्लेट दिसते का, दिवे दिसतात का, वजन मर्यादेत आहे का, बांधलेलं सामान कुणाला इजा करेल का. प्लेट झाकली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कॅराव्हॅन ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सर्वांत उजव्या लेनमध्ये शिरायचं नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोटारीची दरवर्षी तपासणी होते, तशी सक्तीची तपासणी कॅराव्हॅनला नाही. १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना जड कॅराव्हॅन ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. मी ती दिली होती. ती अट डिसेंबर २०२१ मध्ये उठली. म्हणजे तुम्ही बनवलेला कॅरिअर रस्त्यावर येण्यापूर्वी पाहणारा दुसरा कुणीही नाही. तुम्हीच बनवणार आणि तुम्हीच तपासणार. ही मोकळीक टिकावी असं वाटत असेल, तर तपासणीही तितक्याच काटेकोरपणे करायला हवी.

ती तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातला वजनकाटा घ्यायचा, सपाट जमिनीवर कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाखाली ठेवायचा, काटा आणि टोक यांच्यामध्ये योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करायचा आणि पुढचं आधाराचं चाक अलगद वर घ्यायचं. काट्यावर येतो तो आकडा गोळ्यावरचा भार. आधी सायकलींशिवाय, मग सायकलींसकट. चाकांना अटकाव लावायला विसरू नये. कॅरिअर बनवताना मी सायकलींच्या वजनाच्या तिप्पट जोर धरून चालते, कारण खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर तेवढा जोर येऊ शकतो. प्रवास सुरू झाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबायचं, प्रत्येक पट्टा ओढून पाहायचा, प्रत्येक नटाला पाना लावायचा. धातू एका दणक्याने क्वचितच तुटतो. तो रोजच्या बारीक हादऱ्यांनी दमत जातो. वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली की तो भाग भंगारात टाकायचा.

हे सगळं मी मराठी वाचकांना का सांगते आहे? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. चाकांवरच्या घरातून कोकण पाहणारी कुटुंबं यापुढे वाढतील आणि त्यांना सायकलीही न्याव्याशा वाटतील. मोटारीमागे सायकली बांधून घाटापर्यंत जाणारे हौशी सायकलस्वार तर पुण्या-मुंबईत आजच भरपूर आहेत. मी घरी येते तेव्हा पहाटेच्या अंधारात महामार्गावर अशा गाड्या पाहते. सायकलींच्या मागे नंबरप्लेट लपलेली असते, मागचा लाल दिवा पायडलाआड गेलेला असतो, आणि मागून भरधाव ट्रक येत असतो. आपल्याकडे रस्त्याला दिवे कमी, गतिरोधक जास्त. इंग्लंडमध्ये जो ढिला पट्टा शंभर मैल निभावतो, तो आपल्याकडे पहिल्या घाटाच्या आतच सुटेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसारही नंबरप्लेट स्पष्ट दिसलीच पाहिजे, आणि वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. म्हणून आपल्याकडेही कापू नका, वेल्ड करू नका. आवळून, बांधून, आत ठेवून न्या.

हुन्नर आपल्याकडे कमी नाही. उद्यमनगरातला कुठलाही कारागीर सकाळी नळी आणून संध्याकाळी माझ्यापेक्षा देखणा कॅरिअर देईल. त्याला कमी पडते ती फक्त माहिती: गाडीची वजनमर्यादा किती, भार कुठे येणार, मागून काय झाकलं जाणार. ती माहिती त्याला देणं हे गाडीमालकाचं काम आहे. पर्यटन खात्याने भाड्याच्या कॅराव्हॅनवर ही वजनं मराठीत, दारावरच, वाचता येतील अशी लावायला लावावीत. सायकल क्लबांनी मोहिमेच्या सकाळी टायरमधली हवा बघतात तशीच मागची प्लेट आणि दिवेही बघावेत.

तुम्ही कॅरिअर बनवलाच असेल तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. वजन करा. गाडीच्या मागे वीस पावलं जाऊन नंबर आणि दिवे दिसतात का पाहा. सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सायकलीबरोबर गाडी हलली पाहिजे. तिन्ही जमलं तर तुमच्या घरच्या कॅरिअरला नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. यातलं एक जरी जमलं नाही, तर सायकली घरी ठेवा आणि जिथे जाल तिथे भाड्याने घ्या.